लिनक्सवर गेम : दुभाष्याच्या भरवशावरचा खेळ

घरच्या संगणकावर लिनक्स टाकायचे म्हटले की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मग गेम कसे खेळायचे?' वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर होते, 'विंडोज ठेवूनच द्या.' 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत येणाऱ्या सीडीवरून किंवा उबुंटूने टपालाने फुकट पाठवलेल्या सीडीवरून ज्यांची लिनक्सशी ओळख झाली, त्यांच्यापैकी अनेकांच्या हार्ड डिस्कचे दोन भाग असत. एकात कामासाठी लिनक्स आणि दुसऱ्यात केवळ खेळासाठी विंडोज. दिवसा मुक्त सॉफ्टवेअरचे गोडवे गायचे आणि रात्री संगणक पुन्हा सुरू करून गुपचूप विंडोजमध्ये शिरायचे, हा त्या काळातल्या हौशी मंडळींचा नित्यक्रम होता. आज तो दुसरा भाग पुसून टाकणे अनेकांना शक्य झाले आहे. यामागे एका बड्या कंपनीचा पैसा आहे हे खरे, पण पाया घातला तो हौशी प्रोग्रॅमरांनी. आणि जिथे गाडी अजून अडलेली आहे, तिथे प्रश्न केवळ तंत्राचा उरलेला नाही.

लिनक्ससाठी गेम कोणी काढलेच नाहीत, हा समज मात्र चुकीचा आहे. 'डूम' हा गाजलेला गेम आयडी सॉफ्टवेअरच्या डेव्ह टेलर यांनी १९९४ मध्येच लिनक्सवर आणला होता. १९९८ मध्ये अमेरिकेत स्कॉट ड्रेकर यांनी 'लोकी सॉफ्टवेअर' ही कंपनी स्थापन केली. तिचा धंदा एकच, विंडोजवर चाललेले गेम परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे. 'सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर', 'रेलरोड टायकून २', 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३', 'सिमसिटी ३०००' ही तिची यादी कोणालाही हेवा वाटावा अशी होती. परंतु लिनक्सची आवृत्ती बाजारात येईपर्यंत विंडोजची आवृत्ती बऱ्याचदा जुनी झालेली असे आणि दोन्ही प्रणाली बाळगणारे गिऱ्हाईक तोवर थांबत नसे. जानेवारी २००२ मध्ये लोकीला टाळे लागले. मागे राहिली ती तिचे प्रमुख प्रोग्रॅमर सॅम लँटिंगा यांनी सुरू केलेली 'एसडीएल' ही लायब्ररी. पडद्यावरचे चित्र, आवाज आणि कळफलक यांच्याशी गेमचा संवाद घडवून आणणारी ही लायब्ररी आजही असंख्य गेममध्ये वापरली जाते.

लोकीनंतरचा दशकभराचा काळ हौशी मंडळींनी काढला तो मोठ्या प्रमाणात आपसांत बनवलेल्या मुक्त गेमवर. डेन्मार्कमधील विद्यार्थ्यांनी सुरू केलेला 'फ्रीसिव्ह', २००३ पासूनचा 'द बॅटल फॉर वेस्नॉथ', 'फ्रोझन बबल' हे गेम फुकट आहेत म्हणून नव्हे, तर चांगले आहेत म्हणून खेळले गेले. '० ए.डी.' या प्राचीन काळातील युद्धांवरच्या गेममध्ये तर मौर्यांचे सैन्यही आहे आणि त्याच्या जानेवारी २०२५ मधील आवृत्तीचे नाव आहे 'अग्नी'. ज्यांचे बालपण शाळेच्या संगणक कक्षात 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त गेले, त्यांना 'डॉसबॉक्स'च्या साहाय्याने तोही आनंद लिनक्सवर मिळत होता. मात्र मित्र जो गेम खेळत आहेत तोच आपल्याला हवा असतो. त्याच्यासारखा दुसरा गेम, मग तो कितीही गुणी असो, त्याची जागा घेऊ शकत नाही. लिनक्सच्या कट्टर पुरस्कर्त्यांनी ही गोष्ट बराच काळ मान्य केली नाही.

यावर दुसरा मार्ग होता तो 'वाइन'चा. या नावाचा पेयाशी संबंध नाही. 'वाइन म्हणजे एम्युलेटर नव्हे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे आहेत, आणि त्या नावातच तिचे तंत्र दडलेले आहे. विंडोजवरचा आणि लिनक्सवरचा प्रोसेसर एकच असतो. गेममधील आकडेमोड त्या प्रोसेसरला जशीच्या तशी समजते. अडचण येते ती गेम विंडोजकडे काही मागतो तेव्हा. फाइल उघडून दे, खिडकी दाखव, हा त्रिकोण रंगव. अशा प्रत्येक मागणीच्या वेळी वाइन मध्ये उभी राहते आणि दुभाष्याप्रमाणे ती मागणी लिनक्सच्या भाषेत पोहोचवते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या कामाची १.० आवृत्ती निघायला जून २००८ उजाडले. पंधरा वर्षे! विंडोजच्या अंतरंगाची माहिती बाहेरूनच, चाचपडत मिळवायची असल्याने दुसरे काय होणार?

वाइनचा सर्वांत कच्चा दुवा होता त्रिमिती चित्रांचा. विंडोजवरील गेम ज्या 'डायरेक्टथ्रीडी' पद्धतीने चित्रे काढतात, तिचे 'ओपनजीएल' या पद्धतीत भाषांतर करताना वेग पडे आणि २०१० नंतरचे नवे गेम तर अनेकदा सुरूच होत नसत. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'व्हल्कन' ही नवी पद्धत आली. ती ग्राफिक कार्डाच्या बरीच जवळून बोलते. २०१७ मध्ये फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला 'निअर : ऑटोमेटा' हा जपानी गेम लिनक्सवर खेळायचा होता आणि तो नीट चालत नव्हता. तेव्हा डायरेक्टथ्रीडीचे थेट व्हल्कनमध्ये भाषांतर करणारी आज्ञावली त्याने स्वतःच लिहायला घेतली. तीच 'डीएक्सव्हीके'. ना नोकरी, ना कंत्राट. एक गेम खेळायचा होता, एवढेच कारण. अशक्य वाटणारे गेम काही महिन्यांत खेळण्याजोग्या वेगाने पळू लागले आणि २०१८ मध्ये 'स्टीम' हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व कंपनीने या कामाला आर्थिक पाठबळ दिले.

वाल्वला लिनक्सचा पुळका का आला, हेही समजून घेतले पाहिजे. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान उघडले, तेव्हा वाल्वचे प्रमुख गेब न्यूएल यांनी त्या प्रणालीला उघडपणे अरिष्ट म्हटले होते. दुसऱ्याच्या जमिनीवर दुकान थाटणाऱ्याला जमीनमालकाने शेजारीच दुकान काढल्यावर जे वाटेल, तेच त्यांना वाटले. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. सायबर कॅफेत ज्याच्यापायी एका पिढीने खिसे रिकामे केले, तो 'काउंटर-स्ट्राइक'ही त्याच वर्षी लिनक्सवर आला. नोव्हेंबर २०१५ मध्ये बाजारात आलेले 'स्टीम मशीन' नावाचे लिनक्स संगणक मात्र सपशेल पडले, कारण त्यांवर खेळायला पुरेसे गेमच नव्हते. त्यातून वाल्वने योग्य तो बोध घेतला. गेम कंपन्यांची मनधरणी करण्याऐवजी दुभाष्यालाच पगारावर ठेवायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर साधने एकत्र बांधून 'प्रोटॉन' जाहीर झाले. सुरुवातीला तपासून मान्य केलेल्या २७ गेमच्या यादीत 'निअर : ऑटोमेटा'चा समावेश होता. फेब्रुवारी २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या 'स्टीम डेक' या हातात धरायच्या यंत्रात हेच प्रोटॉन आहे आणि ते घेणाऱ्या कित्येकांना आपण लिनक्स वापरतो याचा पत्ताही नसतो. तसे पाहिले तर लोकलमध्ये अँड्रॉइड फोनवर गेम खेळणारा प्रवासीही लिनक्सच्याच गाभ्यावर खेळत असतो, पण हौशी मंडळी त्याची गणती आपल्यात करत नाहीत.

प्रोटॉनच्या यशाने या मंडळींमध्ये एक जुना वाद नव्याने पेटला. एका पक्षाच्या मते भाषांतराची सोय झाल्यामुळे कंपन्या आता लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढणारच नाहीत आणि लिनक्सवरचा खेळ कायमचा मायक्रोसॉफ्टने आखलेल्या पद्धतींवर अवलंबून राहील. ही भीती निराधार नाही. 'रॉकेट लीग'ने आपल्या लिनक्स आवृत्तीचा पाठिंबा मार्च २०२० मध्ये काढून घेतला. परंतु दुसऱ्या पक्षाकडे अनुभवाचा पुरावा आहे. लोकीने पैसे घेऊन विकलेले अस्सल लिनक्स गेम आजच्या लिनक्सवर सुरू करायचे तर त्या काळच्या लायब्ररी शोधत बसावे लागते, कारण मधल्या काळात लिनक्सच्या वितरणांमध्ये बरेच काही बदलले. याउलट त्याच काळातील विंडोजचे अनेक गेम वाइनमध्ये मुकाट्याने चालतात. लिनक्सवरची सर्वांत टिकाऊ भाषा म्हणजे विंडोजची भाषा, असा विनोद त्यामुळेच रूढ झाला आहे. एकदा विकलेल्या गेमकडे कंपनी वळूनही पाहत नाही, प्रोटॉनची दुरुस्ती मात्र सतत चालू असते. गेम दहा वर्षांनीही चालावा असे ज्याला वाटते, त्याने दुसऱ्या पक्षाचे ऐकलेले बरे.

हे सारे एकट्याने खेळण्याच्या गेमपुरते झाले. चारचौघांत खेळण्याचे कित्येक गेम अजूनही लिनक्सला दाराबाहेर ठेवतात. ऑनलाइन सामन्यांत लबाडी करणाऱ्यांचा सुळसुळाट आहे आणि त्यांना पकडण्यासाठी कंपन्या पहारेकरी आज्ञावली बसवतात. त्यांतील काही थेट विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ठाण मांडतात. 'व्हॅलोरंट'ची 'व्हॅनगार्ड' तर संगणक सुरू होताच जागी होते. लिनक्सवर कर्नल वापरणाऱ्याच्या ताब्यात असल्याने अशा पहारेकऱ्याला भरवसा वाटत नाही. 'ईझी अँटी-चीट' आणि 'बॅटलआय' या दोन प्रमुख पहारेकऱ्यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला सामावून घेण्याची तयारी दाखवली, पण तसे करायचे की नाही हे प्रत्येक गेम कंपनीवर सोडले. 'फोर्टनाइट'ने ते केले नाही. 'लीग ऑफ लेजंड्स' २०२४ मध्ये व्हॅनगार्डच्या पहाऱ्याखाली गेला आणि लिनक्सवर बंद पडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'जीटीए ऑनलाइन'चा दरवाजा लागला. ऑक्टोबरअखेर 'एपेक्स लेजंड्स'नेही, लबाडी करणारे लिनक्सच्या मोकळेपणाचा आडोसा घेतात असे कारण देत, वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांना बाहेर काढले.

कंपन्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. लबाडांनी भरलेला सामना कोणालाच नको असतो. परंतु एका गेमसाठी संगणकाच्या गाभ्याची किल्ली परक्याच्या हाती द्यावी काय, हा प्रश्न लिनक्सवाल्यांनी विचारला तर तो आडमुठेपणा ठरत नाही. 'गेन्शिन इम्पॅक्ट'च्या पहारेकरी ड्रायव्हरचा गैरवापर करून खंडणीखोर टोळ्यांनी संगणकांवरील सुरक्षा बंद पाडल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष बदलाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तिचा गेमशी काही संबंध नव्हता, पण गाभ्यात शिरलेल्या परक्या आज्ञावलीची चूक किती महागात पडते ते सर्वांनी पाहिले. या वादात हौशी मंडळींची चिकाटी उपयोगी पडत नाही. भाषांतर कितीही अचूक असले, तरी समोरच्याने बोलायचेच नाही असे ठरवल्यावर दुभाष्याने काय करावे?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० नसलेले अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या नियमात बसत नाहीत. त्यामुळे लिनक्सचा विचार करणारे वाढले. त्याच ऑक्टोबरमध्ये स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सचा वाटा प्रथमच ३ टक्क्यांच्या वर गेला. संख्या लहानच आहे, पण कित्येक वर्षे ती एका टक्क्याच्या आसपास घुटमळत होती.

अशा नवागताने आपले गेम कोणते, याची यादी आधी करावी. मित्रांबरोबर 'व्हॅलोरंट' खेळल्याशिवाय ज्याचा दिवस जात नाही, त्याने विंडोज सोडू नये. कथाप्रधान किंवा जुने गेम खेळणाऱ्याला मात्र फारशी काळजी नाही. कोणता गेम कसा चालतो याचे खेळणाऱ्यांनीच नोंदवलेले अनुभव 'प्रोटॉनडीबी'वर सापडतात. खरेदीपूर्वी ते पाहावेत, आणि तरीही फसगत झाल्यास स्टीमवर घेतलेला गेम दोन आठवड्यांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास परत करता येतो. ग्राफिक कार्ड नव्याने घ्यायचे असेल तर एएमडीचे घेणे सोयीचे, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. एनव्हिडियाचा बहुधा वेगळा टाकावा लागतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या जुन्या भागात पडून असलेले गेम तिथूनच चालवण्याचा मोह अनेकांना होतो. प्रोटॉन तिथे अडखळते आणि दोष लिनक्सच्या माथी बसतो. गेम लिनक्सच्या भागात नव्याने उतरवून घ्यावेत.