म्या केलं, मी केलं

पालेगावात आमच्या इमारतीत अकोल्याकडून आलेले एक कुटुंब राहते. मध्यंतरी जिन्यातली कुंडी फुटली तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा ओरडला, "म्या नाई फोडली!" कुंडी राहिली बाजूला, पोरांनी त्याच्या 'म्या'चीच थट्टा सुरू केली. आईसुद्धा त्यालाच म्हणाली, "'मी' म्हण रे, नीट बोल." त्या दिवसापासून तो चारचौघांत बोलताना अडखळतो. मी जन्मभर मराठी शिकवली. त्या भांडणात व्याकरण त्या पोराच्या बाजूने होते, हे मला तिथेच सांगायला हवे होते.

'मी कुंडी फोडली' हे वाक्य पाहा. फोडणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापद 'फोडली'च. माठ असता तर 'फोडला', मडके असते तर 'फोडले'. क्रियापद कर्त्याकडे ढुंकून पाहत नाही, कर्माच्या मागे जाते. कारण 'मी जातो'मधला 'मी' प्रथमेतला आणि 'मी फोडली'मधला 'मी' तृतीयेतला, दिसायला मात्र दोघे सारखे. संस्कृतात 'मया कृतम्' म्हणत, त्या 'मया'चे जुन्या मराठीत 'मियां', 'म्यां' झाले. एकोणिसाव्या शतकातल्या छापील गद्यातही 'म्यां' भेटते. पुढे शहरी लेखनाने ते टाकून दिले आणि दोन्हीकडे 'मी' बसवला. खेड्यापाड्यांतल्या बोलींनी ते जपले, म्हणून ते अडाणी ठरले!

वाक्याची ही ठेवण किती जुनी? पालेगावाजवळच, अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० च्या सुमाराचा शिलालेख आहे, पण तो संस्कृत. मराठी वाक्य पाहायला कर्नाटकात श्रवणबेळगोळला जावे लागते. गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी कोरले आहे : 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. त्याखाली गंगराजाने भोवतालचे आवार करविल्याची ओळ आहे. पहिली ओळ इ.स. ९८३ ची असे पूर्वी मानत. गंगराज बाराव्या शतकातला असल्याने दोन्ही ओळी त्याच काळातल्या, असेही अनेक अभ्यासक म्हणतात. तारखेचा वाद राहो. 'राजें'वरचा अनुस्वार पाहा, तो तृतीयेचा आहे. एवढा मोठा मंत्री, पण क्रियापद त्याला जुमानत नाही.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले तेव्हा ते बाविशीच्या आसपास होते. समोर तयार साचे दोन, संस्कृताचा आणि इंग्रजीचा. मराठी वाक्य दोहोंतही पुरते बसत नाही. 'शिपायाने चोराला पकडले' घ्या. चोराऐवजी चोरटी असो की दहा चोर असोत, 'पकडले' हलत नाही. ते ना शिपायाचे ऐकते, ना चोराचे. हा भावे प्रयोग. संस्कृतात भावे प्रयोग अकर्मक धातूंचा; इथे कर्म समोर उभे असूनही भावे! आणि 'तू भाकरी खाल्लीस'मध्ये तर गंमतच आहे. 'खाल्ली' झाले भाकरीमुळे, शेवटचा 'स' आला 'तू'मुळे. एकाच क्रियापदावर दोघांचा हक्क. व्याकरणकारांनी त्याला संकर प्रयोग म्हटले.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या व्याकरणावरील निबंधांत दादोबांच्या मतांची कसून झडती घेतली. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त हा प्रयोगांचा वाद चांगला ऐसपैस मांडला आहे. आपण शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे घोकले आणि दोन मार्क मिळवले. त्यामागे पाऊणशे वर्षांची भांडणे होती, हे कोणी सांगितलेच नाही. मीही वर्गात कधी सांगितले नाही, हे कबूल केले पाहिजे.

परवा त्या मुलाच्या आईला मी जुन्या व्याकरणातला विभक्तींचा तक्ता उघडून दाखवला. तृतीयेच्या ओळीत 'म्यां' छापलेले होते. तिने ते बोट ठेवून दोनदा वाचले आणि जिन्यात जाऊन पोराला हाक मारली.