नाशिक रोड रेल्वे स्थानक

नाशिक रोड रेल्वे स्थानक : नाशिक शहराच्या आग्नेयेस, मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातील स्थानक. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० च्या दशकात भुसावळकडे वाढविताना गोदाकाठचे जुने शहर सुमारे ८–९ किमी. बाजूला राहिले, नावातील ‘रोड’ त्याचाच निदर्शक. हे अंतर भरून काढण्यासाठी १८८९ मध्ये स्थानक ते मेनरोड अशी अरुंदमापी ट्राम सुरू झाली. प्रारंभी ती घोडे ओढीत. १९३० च्या दशकात ती बंद पडली. भारत प्रतिभूती मुद्रणालयामुळे (स्था. १९२५) परिसराची स्वतंत्र वस्ती वाढली, १९८२ मध्ये ती नाशिक महानगरपालिकेत आली. मुंबईची उपनगरी लोकलसेवा कसाऱ्यालाच संपते. पुढे थळघाटात (पहा : थळघाट) १ : ३७ चा चढ असून गाड्यांना जादा इंजिने लावावी लागतात. त्यामुळे येथील नोकरदारांची रोजची ये-जा लांब पल्ल्याच्या गाड्यांवर अवलंबून असते. त्यांत सकाळी मुंबईकडे जाऊन रात्री परतणारी पंचवटी एक्सप्रेस (१९७५) प्रमुख. तिच्यात मासिक पासधारकांसाठी स्वतंत्र डबे असतात. सिंहस्थात (पहा : कुंभमेळा) यात्रेकरूंचा मुख्य भार याच स्थानकावर पडतो.