खेळाला सेन्सॉर कोण?

आपल्या मराठीत ‘खेळ’ या शब्दाचा संसार फार मोठा आहे. आट्यापाट्या हा खेळ, सोंगट्या हाही खेळ. नाटकाचा प्रयोग म्हणजे खेळ, तमाशाचाही खेळच लागतो आणि डोंबारी गावात येतो तोही खेळ घेऊन. जालन्यात एके काळी सिनेमाला निघालेला माणूस ‘सहाच्या खेळाला चाललो’ असेच सांगायचा. लोकांच्या लेखी हे सगळे एकच. सरकारने मात्र त्याच्या दोन वेगळ्या फायली केल्या. जो खेळ बघायचा, त्याची फाईल सेन्सॉरच्या टेबलावर. जो स्वतः खेळायचा, त्याची फाईल पोलिसांकडे, जुगाराच्या कायद्याखाली. व्हिडिओ गेम आला तो नेमका या दोन फायलींच्या मधल्या फटीत पडला, कारण तो बघायचाही असतो आणि खेळायचाही. त्याच्यावर बंदी घालावी की घालू नये, हा वाद जगात पन्नास वर्षे चालू आहे. आपल्याकडे तो वेगळ्याच वाटेने गेला. ती वाट समजायची तर आधी या जुन्या फायली उघडायला हव्यात.

बघायच्या खेळाची फाईल १८७६ सालची. बंगालमध्ये निळीच्या मळेवाल्यांवर आणि राजपुत्राच्या स्वागतावर केलेली नाटके इंग्रजांना झोंबली आणि त्यांनी नाट्यप्रयोगांचा कायदा केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. १९१० मध्ये त्यावर बंदी आली. पुढे १९१८ मध्ये सिनेमाचा कायदा झाला. ‘भक्त विदुर’ या मूकपटातला विदुर फारच गांधीजींसारखा दिसतो म्हणून १९२१ मध्ये मद्रासला त्यावर बंदी घातली गेली.

आम्ही जालनेकर तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्या वाट्याला ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखला जाणारा हुकूम होता. सार्वजनिक सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा, हा त्याचा गाभा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मुंबईच्या कायद्यांचे छत्र आमच्यावरही आले. त्या छत्राखाली नाटकाची संहिता आधी तपासून घ्यायची पद्धत होती. त्यासाठी असलेले रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ नाटकवाल्यांना चांगलेच ठाऊक आहे.

या मंडळाची सगळ्यात गाजलेली लढाई १९७२ ची. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला मंडळाने अडवले, दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. सारंगांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. मला या प्रकरणातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सेन्सॉरला पत्ता होता. कोणी अडवले, कोणत्या वाक्याला अडवले, हे कागदावर होते. म्हणून तर भांडता आले.

दुसरी फाईल जुगाराची. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला सोडून देतो. पण कौशल्य कुठे संपते आणि नशीब कुठे सुरू होते? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो शब्दकोड्यांमुळे. आज कोणाला खरे वाटणार नाही, पण त्या काळी वर्तमानपत्रांतल्या बक्षिसाच्या शब्दकोड्यांचे लोकांना वेड लागले होते. मुंबई राज्याने त्यांच्यावर कर लावला. चमारबागवाला यांच्या स्पर्धा बंगलोरहून चालत आणि त्यांचे वर्तमानपत्र मुंबईत खपे. ते न्यायालयात गेले. १९५७ मध्ये निकाल लागला, त्याचा मथितार्थ असा, की ज्यात कौशल्याचा भाग भरीव तो धंदा, बाकीचा जुगार, आणि जुगाराला घटनेचे संरक्षण नाही. खेळाकडे बघण्याचा आपल्या कायद्याचा चष्मा तिथे पक्का झाला. खेळात काय दाखवले आहे, कोणत्या वयाच्या मुलाने तो खेळावा, हे त्या चष्म्यातून दिसतच नाही. दिसतो फक्त पैसा.

तिकडे अमेरिकेत १९७६ मध्ये ‘डेथ रेस’ नावाचे एक यंत्र आले. पडद्यावर गाडी चालवायची आणि पळणाऱ्या आकृत्यांना चिरडायचे. चित्रे इतकी ओबडधोबड, की माणूस कोणता आणि काडी कोणती हे कळू नये. तरीही वर्तमानपत्रांत काहूर उठले. व्हिडिओ गेमवरचा हा पहिला मोठा वाद मानतात. १९८१ मध्ये फिलिपिन्सच्या मार्कोस यांनी तर देशभर ही यंत्रे बंद पाडली.

त्याच वर्षी, १ मे १९८१ ला, औरंगाबादमधून वेगळा होऊन आमचा जालना जिल्हा झाला. खेळाची यंत्रे आमच्याकडे पोचायला अजून अवकाश होता. पार्लर आले ते नंतर. एखाद्या दुकानाच्या पोटमाळ्यावर नाहीतर तळघरात तीन-चार यंत्रे, अंधार, टोकन आणि दांडीचा खडखडाट. मी शाळेत इतिहास शिकवत असे. मधल्या सुट्टीनंतर कोणते बाक रिकामे दिसतात, यावरून नवे पार्लर उघडल्याचे आम्हा शिक्षकांना कळायचे. सरकारलाही ते कळे, पण वेगळ्या तऱ्हेने. एका बाजूने त्या यंत्रांवर करमणूक शुल्क बसे, दुसऱ्या बाजूने ‘व्हिडिओ गेमच्या नावाखाली जुगार’ अशा बातम्या येत आणि धाडी पडत. पोलिसांचा प्रश्न एकच असे, यंत्रातून पैसे मिळतात का? मिळत नसतील तर पडद्यावर काय चालले आहे, हे कोणी वाकून बघत नसे.

मग घराघरात टीव्हीला जोडायचे स्वस्त डबे आले. बहुतेक जपानी यंत्रांच्या नकला. त्यांच्या पिवळ्या-काळ्या कॅसेटवर ‘९९९९९९ खेळ’ असे बिनदिक्कत छापलेले असे आणि आत मोजून दहा-पंधरा निघत. त्यातला ‘काँट्रा’ आठवत नाही असे त्या पिढीत घर सापडणे कठीण. दोन उघडेबंब सैनिक, हातात बंदुका, समोर येईल त्याला गोळी. हाच खेळ युरोपात विकताना कंपनीने नाव बदलून ‘प्रोबोटेक्टर’ केले आणि सगळी माणसे काढून त्यांच्या जागी यंत्रमानव बसवले. जर्मनीत मुलांसाठीच्या हिंसक खेळांवर कडक कायदा होता, त्याची ही खबरदारी. म्हणजे जर्मनीतल्या पोराला जे दाखवायचे नाही असे ठरले, ते जालन्यातले पोर उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसभर खेळत होते. त्याला अडवणारे फक्त भारनियमन.

अमेरिकेतला वाद चिघळला ‘मॉर्टल कोंबॅट’वरून. १९९३ मध्ये तो घरगुती यंत्रांवर आला. एका कंपनीने त्यातले रक्त काढून घामाचा रंग दिला, दुसरीने रक्त एका गुप्त खुणेमागे ठेवले. डिसेंबरात सिनेटर लिबरमन आणि कोल यांनी सुनावणी घेतली. सरकार कायदा करील या धाकाने उद्योगाने १९९४ मध्ये स्वतःचेच वयोमान ठरवणारे मंडळ काढले आणि डब्यांवर अक्षरे छापली जाऊ लागली. हा खेळ कुमारांचा, हा प्रौढांचा. पुढे कॅलिफोर्नियाने हिंसक खेळ मुलांना विकणे गुन्हा ठरवले. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला. पुस्तकाला जे स्वातंत्र्य तेच व्हिडिओ गेमला, असे न्यायालय म्हणाले. ते कोणाला पटो न पटो, भांडण उजेडात झाले.

आपल्याकडे असे मंडळही झाले नाही आणि असे भांडणही. २००२ मध्ये ‘हिटमॅन’ मालिकेतल्या एका खेळात सुवर्णमंदिरासारख्या दिसणाऱ्या इमारतीत गोळीबार होता. शीख समाजाने निषेध केला आणि कंपनीने तो भाग पुढच्या प्रतींतून काढला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘फॉलआउट ३’ भारतात आणणार नाही असे जाहीर केले. कारण दिले ते सांस्कृतिक संवेदनशीलतेचे, तपशील नाही. खेळात दोन तोंडांच्या गायी आहेत आणि त्यांना ‘ब्राह्मिन’ म्हटले आहे, त्यामुळे असावे, असा तर्क लोकांनी लढवला. कोणत्याही अधिकाऱ्याने बंदी घातली नव्हती. खेळ आलाच नाही, एवढेच. २००९ मध्ये हैदराबादच्या कंपनीने बनवलेला बाल हनुमानाचा खेळ आला, तेव्हा अमेरिकेतल्या काही हिंदू मंडळींनी देव असा बटणाने नाचवू नये म्हणून आक्षेप घेतला. आपली रामलीलेची, सोंगांची परंपरा बघता मला तो आक्षेप तोकडा वाटला.

मोबाईल आल्यावर चित्र पालटले. २०१७ च्या पावसाळ्यात ‘ब्लू व्हेल’ची भीती देशभर पसरली. त्याच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने मोठ्या इंटरनेट कंपन्यांना त्याचे दुवे काढायला सांगितले. शाळाशाळांतून सूचना निघाल्या, पालकांच्या सभा झाल्या. काही महिन्यांनी सरकारनेच संसदेत सांगितले, की ज्या मृत्यूंशी या खेळाचे नाव जोडले गेले, त्यांपैकी एकाशीही त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. पहिली बातमी पहिल्या पानावर होती. दुसरी किती जणांनी वाचली असेल?

मग आला पबजी. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी जमावबंदीचे कलम लावून तो खेळणाऱ्या तरुणांना पकडले. चार जणांनी मोबाईलवर खेळणे हा जमाव कसा, हे मला अजून उमगलेले नाही. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात अकरा वर्षांच्या एका मुलाच्या नावाने याचिका आली. खेळात हिंसा आहे, तो बंद करा, ही मागणी. न्यायालयाने केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्याला खेळ तपासून योग्य ते करायला सांगितले. मला वाटले, आता तरी प्रश्न सरळ विचारला जाईल. या खेळात काय आहे, आणि ते कोणत्या वयाला चालेल?

बंदी आली २ सप्टेंबर २०२० ला, पण कारण दुसरेच होते. गलवानच्या संघर्षानंतर सरकारने चीनशी संबंध असलेली ११८ ॲप एका फटक्यात बंद केली, त्यात पबजी गेला. कारण देशाचे सार्वभौमत्व आणि सुरक्षा. ते कारण खोटे होते असे मी म्हणत नाही, पण मुलांचा त्यात संबंध नव्हता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ कोरियन कंपनीने नाव बदलून भारतासाठी आणला. रक्ताचा रंग हिरवा केला आणि अठरा वर्षांखालच्यांना रोज तीन तासांची मर्यादा घातली. जुलै २०२२ मध्ये तोही दुकानांतून नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. घामाचे, हिरवे, लाल असे रंग बदलत राहिले.

ही बंदी ज्या कलमाखाली येते ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९ अ. त्याखालच्या २००९ च्या नियमांत अशा हुकमांबाबत काटेकोर गुप्तता पाळण्याची अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे कलम कायम ठेवले ते कारणे लेखी नोंदवली जातात या आधारावर. नोंदवली जातात, पण आपल्याला वाचायला मिळत नाहीत. ‘बाइंडर’च्या वेळी जो पत्ता होता, तो इथे हरवला.

मी सेन्सॉर मंडळाचा चाहता नाही. नाटकाला मंडळाने जो जाच केला तो गेमच्या वाट्याला यावा असे मला वाटत नाही. पण ज्या आईला मुलाच्या हातातल्या मोबाईलची चिंता आहे, तिची चिंता खोटी नाही आणि तिला ‘मागासलेली’ म्हणून उडवून लावणारे मला पटत नाहीत. तिला बंदीपेक्षा माहिती हवी आहे. सिनेमासाठी २०२३ मध्ये कायदा दुरुस्त करून सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे केले. घरबसल्या दिसणाऱ्या मालिकांना २०२१ च्या नियमांनी तसेच टप्पे दिले. गेमला आपल्या देशाने ठरवलेला असा टप्पा त्यात मिळाला नाही. मोबाईलच्या दुकानात गेमच्या नावाखाली वयाचा आकडा दिसतो. अँड्रॉइडवर तो परदेशी प्रश्नावलीवरून येतो, आणि त्या प्रश्नावलीची उत्तरे गेम बनवणारी कंपनीच भरून देते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा स्वतंत्र कायदा केला. पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. १९५७ पासून चालत आलेली ती रेघ या खेळांपुरती पुसली. रमीच्या नादात घरे बुडालेली पाहिलेल्यांना हा कायदा हवाच होता. ई-स्पोर्ट्सला त्यात मान्यता आहे, सामाजिक खेळांना प्रोत्साहन आहे, खेळ पैशाचा की बिनपैशाचा हे ठरवायला प्राधिकरणाची तरतूद आहे. मी तो कायदा दोनदा वाचला. चष्मा जुगाराच्या फाईलमधलाच आहे, काच तेवढी नवी बसवली.