रॅट्क्लिफ येथील गवताळ विमानतळ

वाड्याचा किंवा देवळाचा इतिहास शोधणारास निदान पायाचे दगड तरी सांपडतात. परंतु जें स्थळ म्हणजे केवळ गवताचें मैदान होतें, त्याचा इतिहास कोणत्या साधनांनीं सिद्ध करावा? इंग्लंडांतील लेस्टरशायर परगण्यांतल्या रॅट्क्लिफ येथील खासगी विमानतळाच्या निमित्तानें हा प्रश्न विचारांत घेण्याजोगा आहे.

रीक नदीच्या खोऱ्यांत, फॉस वे या रोमन राजमार्गालगत रॅट्क्लिफ हॉल हा वाडा आहे. त्याचे धनी सर लिंडसे एव्हरार्ड हे लेस्टर येथील बीअर बनविणाऱ्या घराण्यांतले असून इ. स. १९२४ पासून १९४५ पर्यंत पार्लमेंटचे सभासद होते. विमानविद्येच्या आवडीनें त्यांनीं स्वतःच्या जमिनीवर हा तळ केला. त्याचें उद्घाटन ता. ६ सप्टेंबर १९३० रोजीं मुलकी विमानखात्याचे डायरेक्टर सर सेफ्टन ब्रँकर यांच्या हस्तें झालें. महिना पुरा होण्यापूर्वींच, ता. ५ ऑक्टोबर रोजीं, कराचीस निघालेलें आर. १०१ हें हवाई जहाज फ्रान्सांत बोव्हेनजीक कोसळून ४८ माणसें दगावलीं. त्यांत ब्रँकर हेही होते. अर्थात् त्या तारखेनंतर ब्रँकर रॅट्क्लिफला आल्याचा उल्लेख एखाद्या कागदांत आढळल्यास तो कागद बनावट किंवा चुकीच्या तारखेचा समजावा.

इ. स. १९३१ मध्यें एव्हरार्ड यांनीं मिस विनिफ्रेड स्पूनर यांस आपल्या खासगी वैमानिक म्हणून नेमिलें. स्त्रीनें विमान चालवून पगार मिळविणें त्या काळीं विरळाच. जानेवारी १९३३ मध्यें, वयाच्या ३२ व्या वर्षीं, त्या न्यूमोनियानें वारल्या.

तळ गवताचा असण्यास कारण होतें. तत्कालीन हलकीं विमानें वाऱ्यास सन्मुख होऊन उतरत. वारा फिरला कीं दिशाही बदले. म्हणून एका पक्क्या धावपट्टीपेक्षां चहूंकडून मोकळें मैदान सोयीचें पडे. दुसऱ्या महायुद्धांत एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी या संस्थेचें सहावें पथक येथें होतें. कारखान्यांतून निघालेलीं विमानें लष्करी तळांवर पोंचविणें हें त्याचें काम. एव्हरार्ड १९४९ त निवर्तले. १९५० त तळ बंद होऊन जमीन पुन्हां शेतीकडे गेली.

मराठी फौजांच्या मुक्कामांची गोष्ट अशीच आहे. राहुट्या उठल्या कीं भूमीवर खूण उरत नाहीं. उरतें तें पत्रांतील मुक्कामाचें नांव व मिती. वैमानिकाची उड्डाणवही त्याच जातीची आहे: तारीख, विमानाचा प्रकार, कोठून निघालें, कोठें उतरलें, किती वेळ लागला, एवढेंच रुक्ष टिपण. पण दोन वह्यांतील नोंदी परस्परांशीं जुळल्या म्हणजे नांगरलेल्या शेतावर कोण, केव्हां व कशासाठीं उतरलें हें निश्चित होतें.

मोडीचें एक पानही रद्दींत जाऊं न देणाऱ्या संग्राहकांनीं या वह्यांकडे अर्वाचीन म्हणून दुर्लक्ष करूं नये. दगड हरवला तर भूमि खणून तो मिळण्याचा संभव असतो. गवताच्या तळाचा कागद गेला कीं तळही गेला.