पारध, मृगया आणि मूल

शिकारीसाठी मराठीत तीन शब्द आहेत आणि तिघांचे कूळ वेगळे आहे. ‘शिकार’ फारसीतून आला. ‘मृगया’ संस्कृतातला, त्याच्या मुळाशी ‘मृग्’ हा धातू आहे आणि त्याचा अर्थ शोधणे, माग काढणे असा होतो. तिसरा ‘पारध’. व्युत्पत्तिकार त्याचे नाते संस्कृतातील ‘पापर्द्धि’ या शब्दाशी जोडतात. म्हणजे पापाची वृद्धी. एकाच कृतीला एका शब्दाने शोध म्हटले, दुसऱ्याने पाप. आम्ही साहित्याचे अध्यापक असल्यामुळे शब्दांपासून आरंभ करणे आम्हांला सोयीचे वाटते. पण येथे प्रश्न केवळ शब्दांचा नाही. वडीलधाऱ्या माणसाचे बोट धरून प्रथमच रानात जाणाऱ्या मुलाची कृती ‘मृगया’ ठरणार की ‘पारध’, हे आपल्या समाजात बहुधा त्या मुलाच्या जन्मावरून ठरत आले आहे. या लेखात त्याचाच मागोवा घ्यायचा आहे.

महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याची कथा आपण सगळेच शिकवतो. अंगठ्याच्या प्रसंगावर आपला इतका भर असतो की, त्या प्रसंगाचे निमित्त मृगया आहे हे सहसा ध्यानात राहत नाही. कुरुकुलातील राजपुत्र द्रोणांच्या अनुमतीने शिकारीला निघतात. बरोबर सेवक असतो, कुत्रा असतो. तो कुत्रा रानात भरकटतो, भुंकतो आणि मुखात सात बाण घेऊन परततो. राजपुत्रांसाठी रान ही एका दिवसाची सहल होती. निषादपुत्रासाठी ते घर होते आणि गुरुकुलही. दोन्ही मुले एकाच विद्येची उपासक. पण एकाला ‘सर्वश्रेष्ठ धनुर्धर’ ही उपाधी मिळाली आणि दुसऱ्याचा अंगठा गेला. मुलाच्या शिकारीचा भारतीय इतिहास लिहायचा झाला, तर त्याचा पहिला अध्याय हाच असावा असे आम्हांस वाटते.

शिकारीचा हंगाम वसंताचा, यालाही कारण आहे. फाल्गुन-चैत्रात पानझडीचे रान उघडे पडते, गवत वाळते, ओढे आटून डोहांपुरते उरतात आणि जनावर पाण्याच्या वाटेवर सापडते. शेतीची कामेही या दिवसांत थंडावलेली असतात. म्हणून कोकणापासून दंडकारण्यापर्यंत सामुदायिक पारधीच्या प्रथा शिमग्याच्या आगेमागे आढळतात. हाकारा घालणाऱ्या मोठ्यांच्या रांगेत मुलेही असत. मुलाच्या वाट्याला शस्त्र फार उशिरा येई. आधी शिकायचे ते गप्प बसणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, ओल्या मातीतला ठसा ताजा की शिळा हे सांगणे. मारण्याआधी वाचायला शिकवणारी ही शाळा होती आणि तिला पाटी लागत नसे.

जिम कॉर्बेट या शाळेचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी. त्याचा जन्म १८७५चा. वडील तो लहान असतानाच वारले आणि थोरला भाऊ टॉम त्याचा पहिला गुरू झाला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जंगल लोअर’ या पुस्तकात कॉर्बेटने लहानपणीच्या अस्वलाच्या शिकारीची आठवण सांगितली आहे. टॉमने त्याला नैनितालच्या परिसरात नेले आणि एका निर्जन ओहोळापाशी एकट्याला बसवून ठेवले. भावाला भय ठाऊक नव्हते, धाकट्याला भयाशिवाय दुसरे काही ठाऊक नव्हते. त्या आठवणीतला खरा विषय अस्वल नाही. भीतीसकट जागेवर बसून राहणे हा आहे. पण कॉर्बेटचा दुसरा गुरू आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. कालाढुंगीजवळच्या चांदनी चौक गावचा मुखिया कुंवरसिंग याच्याविषयी ‘माय इंडिया’त (१९५२) कॉर्बेट प्रेमाने लिहितो आणि तो त्या मुलखातला सर्वांत यशस्वी चोरटा शिकारी होता, हेही कौतुकाने सांगतो. ज्या विद्येने शिष्य जगप्रसिद्ध झाला आणि ज्याचे नाव पुढे एका राष्ट्रीय उद्यानाला मिळाले, त्या विद्येमुळे गुरू कायद्याच्या भाषेत चोर होता.

आता महाराष्ट्रातले उदाहरण. मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाच्या हाती छर्ऱ्याची बंदूक आली. चिमण्या टिपणे हा त्याचा खेळ. १९०८च्या सुमारास त्याने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी खाण्यास योग्य की निषिद्ध, असा प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः हौशी शिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डनी पक्षी ओळखून सांगितला, भुसा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले आणि मुलासमोर एक आयुष्यच उघडले. हा मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांच्या आत्मचरित्राचे (१९८५) शीर्षकही त्या पडलेल्या चिमणीवरून आले आहे.

ही कथा आपण मुलांना सांगतो ती कुतूहलाची कथा म्हणून, आणि ती तशी आहेही. परंतु त्या कथेत एक मामा आहे, एक चिठ्ठी आहे आणि चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलासाठी उघडणारे एक दार आहे. त्याच वर्षी सोलापूर किंवा उस्मानाबादच्या माळावर फासे लावून तितर धरणाऱ्या पारध्याच्या मुलासाठी कोणते दार उघडे होते?

त्याचे उत्तर कागदोपत्री उपलब्ध आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. १८९७च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतींत ठेवण्याची तरतूद आणली. फासेपारधी या कायद्याच्या कक्षेत आले. बापाने मुलाला रानात नेऊन विद्या द्यावी, हेच या तरतुदीला मोडायचे होते. याच काळात सरकार स्वतः शिकारीवर बक्षिसे देत होते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. म्हणजे शिकार हा गुन्हा नव्हता. गुन्हा होता तो फिरस्ता असण्याचा, परवान्याची बंदूक नसून घोड्याच्या केसांचा फास हाती असण्याचा.

याला एक अपवाद आवर्जून नोंदवला पाहिजे. कोल्हापूरचे शाहू छत्रपती नामांकित शिकारी होते. पारध्यांचे कौशल्य त्यांनी रानात जवळून पाहिले होते. त्यांनी या लोकांना कामे दिली, सोनतळीच्या परिसरात वसवले आणि १९१८ मध्ये संस्थानातील गुन्हेगार जमातींची हजेरी बंद केली. शिकारीच्या वाटेवर राजा आणि पारधी यांची भेट झाली आणि एकदा तरी अंगठा मागितला गेला नाही.

१९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचे उरलेसुरले मार्गही बहुतेक बंद केले. अस्वलाला या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. हा कायदा आवश्यक होता याविषयी आम्हांस शंका नाही. बंदुकीच्या हौसेने रान रिकामे केले होते आणि त्या हौसेला लगाम घालणे भाग होते. पण हौशी शिकाऱ्याला बंदूक भिंतीवर टांगून कॅमेरा घेता आला. पारध्याला हातातला फास टाकल्यावर दुसरे काही घेता आले नाही.

हे समजण्यासाठी पुण्यापासून फार दूर जावे लागत नाही. मुळशी तालुक्याचे नाव काढले की सेनापती बापट आणि १९२१ ते १९२४चा सत्याग्रह आठवतो. ज्यांची शेते बुडणार होती त्या मावळ्यांच्या लढ्याला इतिहासात मानाचे पान मिळाले, ते योग्यच झाले. पण याच डोंगरांत कातकरीही राहत होते. काथ काढणे, कोळसा पाडणे, मासे, खेकडे, उंदीर, ससे यांवर गुजराण करणे ही त्यांची रीत. मुळशीतील देवरायांचा अभ्यास १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी केला आणि अस्पर्श राखलेल्या रानाचे मोल विद्वानांना कळले. २०१३ मध्ये ताम्हिणी अभयारण्य घोषित झाले. शेकरू, भेकर, पिसोरी यांना आसरा मिळाला. कातकऱ्याच्या मुलाला मात्र वसंतात रान दिसेनासे झाले. कारण अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आल्यावर परततात. ज्या ऋतूत बापाने ठसे वाचायला शिकवायचे, त्या ऋतूत मूल विटांच्या थरांजवळ खेळते. तेथे शिकण्यासारखा ठसा एकच, साच्याचा.

महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी कातकरी एक. दुसरी माडिया गोंड. त्यांच्या मुलखात, भामरागडच्या रानात, या प्रश्नाला एक वेगळे उत्तर मिळाले. तेथे वसंत म्हणजे मोहाचा हंगाम. पहाटे मोहफुले वेचायला बायका-मुले जातात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येते. हिवाळ्यात जन्मलेली पिले या दिवसांत आईच्या पाठीवर बसून फिरतात. मूल काखेत घेतलेली बाई आणि पिले पाठीवर घेतलेली अस्वलीण एकाच झाडाखाली समोरासमोर येतात. दोघीही पोरांसाठीच हिंसक होतात.

प्रकाश आणि मंदाकिनी आमटे डिसेंबर १९७३ पासून हेमलकशात राहू लागले. पहिल्या काही वर्षांतच शिकारीहून परतणारे माडिया त्यांना भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. आमट्यांनी धान्य देऊन ते मागून घेतले. तिला त्यांनी बबली असे नाव दिले आणि तिच्यापासून प्राण्यांचे अनाथालय सुरू झाले. विलास मनोहरांच्या ‘नेगल’मधून ते मराठी वाचकांच्या घरात पोचले. आमट्यांनी शिकाऱ्याला पापी म्हटले नाही. ती शिकार भुकेची आहे हे त्यांनी जाणले. त्यांनी एवढेच सांगितले की, पिल्लू मारू नका, आमच्याकडे आणा, बदल्यात अन्न न्या. पुढे १९७६ मध्ये तेथे शाळा निघाली आणि शिकाऱ्यांची मुले अस्वल, बिबटे, हरणे यांच्या शेजारी बसून अक्षरे गिरवू लागली. रानाशी असलेले नाते न तोडता त्यातील मारणे कमी करता येते, हे या प्रयोगाने दाखवले. अर्थात त्यासाठी कुणाला तरी तेथे जाऊन आयुष्यभर राहावे लागले.

शेवटी आपल्या क्षेत्राविषयी. मराठी अरण्यसाहित्याचा आपण अभिमान बाळगतो. स्वतः शिकार केलेले व्यंकटेश माडगूळकर १९७९च्या ‘नागझिरा’त नुसते पाहण्यासाठी रानात राहतात, हे स्थित्यंतर आपण वर्गात समजावून देतो. २००६च्या सोलापूर संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची, झाडांची, रानवाटांची जी शब्दसंपदा मराठीला दिली, तिच्यातील कितीतरी शब्द आदिवासी आणि पारधी वाटाड्यांच्या तोंडचे होते, हे त्यांनी स्वतःच कृतज्ञतेने सांगितले आहे. ते शब्द ज्यांच्याकडून आले, ते त्यांना बापाबरोबर पारधीला जाताना मिळाले होते. आपल्या ग्रंथालयांत ते कोशरूपाने सुरक्षित आहेत. ज्यांच्या घरचे ते शब्द, त्यांची मुले आता आपल्या महाविद्यालयांत येऊ लागली आहेत. थोडी, संकोचलेली, मागच्या बाकांवर. एकलव्याचा पाठ शिकवताना त्यांच्यापैकी कुणाला तितराच्या फाशाची गाठ कशी असते हे ठाऊक असेल, तर ते ज्ञान आहे असे आपण मानणार का? आम्हांस वाटते, मानले पाहिजे, आणि ते त्याला वर्गात सांगता येईल एवढा अवकाश आपण ठेवला पाहिजे. खेतवाडीच्या मुलाला एक चिठ्ठी पुरली होती. चिठ्ठी लिहिणे अजूनही आपल्या हातात आहे.