मत्स्यपेटीची पुनर्सांधणी

काचेच्या जुन्या मत्स्यपेटीच्या सांध्यांतील जीर्ण सिलिकॉन काढून तेथे नवे सिलिकॉन भरण्याच्या क्रियेस मत्स्यपेटीची पुनर्सांधणी असे म्हणतात. पाणी झिरपू लागलेली किंवा अनेक वर्षे कोरडी पडून राहिलेली पेटी पुन्हा वापरात आणण्यापूर्वी ही दुरुस्ती करतात.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मत्स्यपेट्यांच्या काचा लोखंडी चौकटीत लांबी भरून बसवीत. चौकट गंजे, लांबी वाळून तडकत असे. १९६०च्या दशकापासून सिलिकॉनचा वापर रूढ झाला आणि चौकटीविना, केवळ काचेला काच चिकटवून पेट्या तयार होऊ लागल्या. आज घरोघरी दिसणारी पेटी याच पद्धतीची असते.

सांध्याची रचना

पेटीच्या प्रत्येक कडेला सिलिकॉन दोन ठिकाणी असते. दोन काचांच्या मधला पातळ थर पाण्याचा भार पेलतो. आतल्या कोपऱ्यातून फिरवलेली गोलसर पट्टी त्या थराचे रक्षण करते. शेवाळ खरवडताना लागणारे पाते, शेवाळाची वाढ आणि वय यांमुळे आधी ही आतली पट्टी कडेने सुटते. पुनर्सांधणी बहुधा हिचीच असते.

हा भेद महत्त्वाचा आहे. ९० सेंमी लांब व ४५ सेंमी उंच काचेवर पेटी काठोकाठ भरली असता सुमारे ९० किलो वजनाइतका रेटा पडतो. हा रेटा आतली पट्टी पेलत नाही. म्हणून काचांच्या मधल्या थरात लांबच लांब बुडबुडे दिसत असतील, काच थरापासून सुटलेली असेल किंवा काचेलाच तडा गेला असेल, तर आतून पट्टी फिरवणे ही दुरुस्ती नव्हे. अशी पेटी पूर्ण उकलून पुन्हा जोडावी, तडकलेली काच बदलावी. ते शक्य नसल्यास तिच्यात पाणी भरू नये.

जुने सिलिकॉन काढणे

जिथून गळते तेवढ्याच जागी बोटभर सिलिकॉन लावण्याचा मोह सर्वांना होतो. तो टाळावा. एकदा पक्क्या झालेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट धरत नाही; ठिगळ आणि जुनी पट्टी यांच्यामधून पाणी वाट काढतेच. शिवाय बाहेर जेथे थेंब दिसतो तेथेच आत फट असते असेही नाही. त्यामुळे आतली पट्टी चारही उभ्या कोपऱ्यांतून व तळाच्या चारही कडांतून पूर्ण काढावी लागते.

धारदार पाते काचेवर जवळजवळ आडवे धरून पट्टी खरवडतात. पाते दोन काचांच्या मधल्या थरात शिरू देऊ नये. काचेवर उरणारा बुळबुळीत पातळ पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही, पण कोरडे बोट फिरवले की अडखळते. तो निघेपर्यंत खरवडून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा ॲसिटोनने काच पुसतात. साबण वापरू नये, त्याचा थर राहतो. या कामात जेवढा वेळ जातो त्याच्या दशांशही पुढच्या कामाला लागत नाही.

सिलिकॉनची निवड

शंभर टक्के सिलिकॉन असलेले, बुरशीनाशक न मिसळलेले उत्पादन घ्यावे. न्हाणीघरासाठी विकल्या जाणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमधील द्रव्ये माशांना घातक ठरतात. मत्स्यपेटीसाठी सामान्यतः वापरले जाणारे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते, म्हणून त्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. नळीवरील मुदत अवश्य पाहावी. मुदत उलटलेले सिलिकॉन कधीकधी पक्के होतच नाही.

भरणे व सुकवणे

कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंस सुमारे ६ मिमी अंतर सोडून मास्किंग टेप लावतात. गनने सलग धार सोडून हातमोजा घातलेल्या बोटाने ती एकाच ओढीत दाबतात व टेप लगेच काढतात. पाचदहा मिनिटांत वर साय धरते; त्यानंतर हात लावल्यास पट्टी ओरबाडली जाते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सिलिकॉन हवेतील बाष्पामुळे बाहेरून आत पक्के होत जाते. त्यामुळे पावसाळ्यातील दमट हवा त्याला मारक नसते. मात्र काच स्वतः कोरडी हवी. पातळ पट्टीस किमान ४८ तास देतात, जाड असल्यास आठवडा थांबणे इष्ट.

चाचणी

पेटी सपाट जागी, थर्माकोलवर ठेवून भोवती कोरडे वर्तमानपत्र अंथरतात. आधी तृतीयांश, मग अर्धी, मग पूर्ण भरतात व प्रत्येक टप्प्यावर काही तास वाट पाहतात. पूर्ण भरलेली पेटी एक-दोन दिवस तशीच ठेवतात. कागद कोरडा राहिला व वास पूर्ण गेला, की ते पाणी टाकून पेटी धुऊन घेतात. या काळात मासे दुसऱ्या टबात असतात; गाळणीतील स्पंजही त्याच जुन्या पाण्यात, हवेच्या पंपासह ठेवावा. तो वाळला तर अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू मरतात आणि दुरुस्त पेटीत परतलेले मासे पहिल्याच आठवड्यात दगावू शकतात.