दुखापतीची नोंद: आखाड्यापासून वहीपर्यंत

तत्त्वज्ञानाचा मास्तर आज खेळातल्या दुखापतींवर बोलतोय, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण प्रश्न तसा तत्त्वज्ञानाचाच आहे: दुखापत झाली, असं आपण कधी म्हणतो?

अकोल्यात शिकत असताना कबड्डी खेळताना माझा गुडघा मुरगळला. मैदानाबाहेरून आवाज आला, "काई नाई झालं, ऊठ बे!" मी उठलो. म्हणजे दुखापत झालीच नाही! आज जिना उतरताना गुडघा वेगळंच सांगतो.

आता इतिहास पाहू. अमरावतीला 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी जे काम सुरू केलं, तेच आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी करून दाखवली. हे वऱ्हाडात सगळ्यांना पाठ आहे. पण आखाड्यांना दुखापतीचंही ज्ञान होतं, बरं का. माती उकरून मऊ करायची, तीत तेल, ताक, हळद घालायची, हा प्रतिबंधच की! वर्गीकरण तर बोलीतच होतं: खरचटणं, मुका मार, लचक, उसण, निखळणं, मोडणं. मात्र हे ज्ञान वस्तादाच्या हातात राहिलं. वस्ताद गेला की तेही गेलं.

इथे वही लागते. 1992 मध्ये नेदरलँड्सचे विलेम व्हॅन मेखेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार पायऱ्या मांडल्या: दुखापती मोजा, कारणं शोधा, उपाय करा, पुन्हा मोजा. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात जॉन ऑर्चर्ड यांनी सांकेतिक अक्षरांची पद्धत बसवली. पहिलं अक्षर शरीराचा भाग सांगतं, दुसरं इजेचा प्रकार. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी नोंदीची सामाईक रीत सुचवली. दुखणं एकदम आलं की हळूहळू, टक्कर होऊन की टकरीविना, किती दिवस खेळ बुडाला, हे सारं तीत येतं.

आणि किती तास खेळलात, तेही लिहायचं. समजा, एका मैदानावर वर्षात दहा गुडघे दुखावले, दुसऱ्यावर पाच. पहिलं मैदान वाईट? पण तिथे चौपट तास खेळ झाला असेल, तर धोका दुसऱ्यावरच जास्त. कबड्डी मातीवरून मॅटवर आली. माती बरी की मॅट, यावर आपण तावातावाने भांडतो. तासांची नोंद नसेल, तर हे भांडण मिटायचं कसं?

आपल्या क्रीडा मंडळांत विजेत्यांच्या नावांचे फलक असतात. त्याखाली एक साधी वही ठेवा: तारीख, खेळ, अवयव, कसं झालं, किती दिवस बाहेर. नाव नको, क्रमांक पुरे. ज्या पोराला आपण "ऊठ बे" म्हणतो, त्याचं दुखणं निदान वहीत तरी खरं ठरेल. आणि त्याच्यामागून येणाऱ्याचा गुडघा कदाचित वाचेल.